कार्ब्युरेटर क्लीनर स्प्रे: तीन वर्षे उभ्या राहिलेल्या मोटारसायकलवर घेतलेली परीक्षा

तीन वर्षांहून अधिक काळ एकाच जागी उभी असलेली माझी एका सिलिंडरची मोटारसायकल पुन्हा चालती करण्यासाठी मी कार्ब्युरेटर क्लीनर स्प्रेचा ५०० मिलीचा डबा आणला. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) न उघडता, चालू इंजिनच्या हवेच्या मुखातून फवारा मारला की आतला सगळा चिकटा निघून जातो आणि गाडी पहिल्यासारखी सुरळीत चालू लागते, असे त्या डब्यावर छापलेले होते. या जातीच्या बहुतेक डब्यांवर थोड्याफार फरकाने हाच दावा असतो, म्हणून एका विशिष्ट नावाऐवजी या प्रकारच्या उत्पादनाबद्दलच लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. उघडलेला कार्ब्युरेटर धुण्यासाठी आणि त्यातल्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी हा स्प्रे उत्तम आहे. न उघडता वापरण्याचा दावा मात्र दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत खरा ठरत नाही, आणि त्यावर विसंबून अर्धा डबा संपवणे म्हणजे पैसा व वेळ दोन्ही वाया घालवणे आहे.

गाडीचे लक्षण ओळखीचे होते. चोक ओढला की दहा-बारा किकनंतर इंजिन कसेबसे धरायचे, पण चोक बंद केला की लगेच बंद पडायचे, आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडासा दिला तर सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊन दम तोडायचे. असे झाले की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. तरीही डब्याला हात लावण्यापूर्वी मी प्लग काढून ठिणगी पाहिली, बॅटरी पूर्ण चार्ज केली, एअर फिल्टर काढून त्यात उंदराने घर केले नाही ना याची खात्री केली आणि इंजिन ऑइलचा वास घेतला. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल भरले की बंद करणारी फ्लोटची सुई अडकून उघडी राहिली असेल तर टाकीतले पेट्रोल हळूहळू सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, आणि अशा ऑइलवर इंजिन चालवले तर बेअरिंग आणि पिस्टन यांचे जे नुकसान होते ते कोणत्याही स्प्रेने भरून निघत नाही. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते आधी बदलावे, मगच किक मारावी.

त्यानंतर फ्लोट बाउलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढले. ताजे पेट्रोल तीव्र आणि झटकन नाकात जाणारे असते. या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्याचा, आंबूस वास होता, रंग गडद चहासारखा झाला होता आणि बाटली स्थिर ठेवल्यावर तळाशी एक वेगळा थर स्पष्ट दिसू लागला. या एका बाटलीवरून पुढचे सगळे काम ठरले.

हा थर का बनतो हे समजले तर स्प्रेकडून काय अपेक्षा ठेवावी हेही समजते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटवण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी असतात. उरलेल्या जड घटकांची हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन डिंकासारखा चिकटा तयार होतो, तो वाळला की धातूवर वॉर्निशसारखा तांबूस, कडक लेप बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर आणखी एक गोष्ट घडते: इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते, काही मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते, आणि ती मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी उतरतात. माझ्या बाटलीतला खालचा थर तोच होता. बाउलच्या तळाशी हा थर महिनोन् महिने बसून राहिला की मिश्रधातूच्या भिंतीवर पांढरी, खरखरीत भुकटी धरते आणि पितळी जेटवर (बारीक छिद्रातून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भागांवर) हिरवट डाग येतात. म्हणजे एकाच बाउलमध्ये दोन वेगळ्या जातींची घाण असते. पहिली सेंद्रिय चिकट्याची, दुसरी धातूच्या गंजाची. स्प्रे फक्त पहिलीवर चालतो, हे डब्यावर कुठेही लिहिलेले नव्हते.

तरीही डब्यावरच्या सूचनेला न्याय मिळावा म्हणून पहिला प्रयोग तिच्याचप्रमाणे केला. एअर फिल्टरकडची रबरी नळी काढली, इंजिन चोकवर धरले आणि मुखात थोडा थोडा फवारा मारला. फवारा जात असेपर्यंत इंजिन जोरात चालले, थांबवला की पाच-सहा सेकंदांत बंद पडले. असे चार वेळा केले, चारही वेळा तेच झाले. इथे अनेकांची फसगत होते: फवाऱ्यासोबत इंजिन चालले म्हणजे सफाई होत आहे असे वाटते. प्रत्यक्षात हे द्रावण स्वतःच ज्वलनशील असल्यामुळे इंजिन त्यावरच चालते. या प्रयोगातून एक उपयोगी माहिती मात्र मिळाली. ठिणगी ठीक आहे, कॉम्प्रेशन निदान इंजिन पेटण्याइतके आहे, आणि तुटवडा फक्त कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या पेट्रोलचा आहे, हे पक्के झाले. निदानाचे साधन म्हणून हा दोन सेकंदांचा फवारा मी पुन्हाही वापरेन, पण चेहरा मुखापासून दूर ठेवून, कारण इंजिनने उलट भडका दिला तर ज्वाला त्याच मुखातून बाहेर येते.

मुखातून मारलेला फवारा चिकट्यापर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर कार्ब्युरेटरच्या रचनेत आहे. हवा मधल्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि खालच्या बाउलमधले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. इंजिन स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता चालू असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर साधारण अष्टमांश ते पाव उघडेपर्यंत काम करतो तो पायलट जेट. तो बाउलमध्ये, एका अरुंद विहिरीच्या तळाशी, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पाव ते पाऊण उघडझापीत, गळ्यात वरखाली होऊन हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या स्लाइडला लावलेली सुई आणि तिची नळी प्रमाण ठरवते, त्यापुढे मेन जेट. लहान मोटारसायकलींच्या केहिन या जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरात पायलट जेटवर ३५ किंवा ३८ असा आकडा कोरलेला दिसतो. तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे छिद्र ०.३५ किंवा ०.३८ मिमीचे. मेन जेटचे छिद्र त्याच्या अडीच-तीन पट मोठे असते. बाउलमधले पेट्रोल आटत आटत गेले की सगळा चिकटा तळाशी जमतो आणि सर्वांत लहान छिद्र सर्वांत आधी बंद होते. म्हणूनच अशी गाडी चोकवर चालते पण स्लो धरत नाही: चोक ओढला की इतर, मोठ्या वाटांनीही पेट्रोल ओढले जाते. वरच्या गळ्यातून वाऱ्याबरोबर जाणारा फवारा थेट इंजिनमध्ये जातो. बाउलच्या तळाच्या विहिरीत उतरण्याचे त्याला काहीच कारण नसते.

तेव्हा कार्ब्युरेटर उतरवला. बाउलचे स्क्रू जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरवर बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) खाचेचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि मऊ डोके खराब करतो. जेआयएस पेचकस नसेल तर निदान खाचेत घट्ट बसणारे टोक निवडावे आणि आधी स्क्रूच्या मुळाशी भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे. माझा एक स्क्रू तरीही निघेना, तेव्हा डोक्यावर पेचकस ठेवून हातोडीने हलके ठोके दिले आणि तो सुटला.

बाउल उघडल्यावर स्प्रेची खरी परीक्षा सुरू झाली, आणि इथे त्याने माझे मन जिंकले. तळाचा तांबूस लेप पहिल्या फवाऱ्यात मऊ झाला, दोन मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासताच निघून आला आणि दुसऱ्या फवाऱ्यात धातू स्वच्छ दिसू लागला. मेन जेट, सुईची नळी आणि तिच्या अंगावरची बारीक आडवी छिद्रे झाकण असलेल्या काचेच्या वाटीत ठेवून, वरून स्प्रे सोडून अर्धा तास भिजवली. त्यानंतर ती उजेडाकडे धरल्यावर सगळी छिद्रे गोल आणि मोकळी दिसली. झाकण आवश्यक आहे, कारण हे द्रावण उघड्यावर काही मिनिटांत उडून जाते आणि भिजवण्याचा काही उपयोग राहत नाही. हेच या स्प्रेचे मोठे वैगुण्यही आहे: जाड थराला जितका वेळ ओले राहायला हवे तितका वेळ ते ओले ठेवत नाही. बुडवून ठेवण्याचे द्रवरूप क्लीनर या बाबतीत सरस ठरते.

पांढऱ्या भुकटीवर स्प्रेचा काहीही परिणाम झाला नाही. ती लाकडी काडीने खरवडावी लागली आणि तिच्याखाली धातूला बारीक खड्डे पडलेले दिसले.

पायलट जेटने सर्वांत जास्त वेळ घेतला. अर्ध्या तासाच्या दोन भिजवण्यांनंतरही उजेडाकडे धरले तर आरपार काहीच दिसेना. अशा वेळी हाताशी असलेली टाचणी किंवा पोलादी तार घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. जेट पितळेचा असतो, पोलाद त्याहून कठीण, आणि ०.३८ मिमीचे छिद्र थोडेसे जरी खरवडले गेले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बदलते. मी विजेच्या लवचीक वायरीतला तांब्याचा एक सुटा तंतू घेतला, जेट स्प्रेने ओला ठेवून तो तंतू हलक्या हाताने आत-बाहेर केला, मग उलट्या बाजूने फवारा मारला. तिसऱ्या प्रयत्नात एक काळी गुठळी बाहेर पडली आणि छिद्रातून उजेडाचा गोल, स्पष्ट ठिपका दिसला. अंधुक किंवा वेडावाकडा ठिपका दिसला तर काम अपुरे आहे असे समजावे. नवा जेट बसवणे हा त्याहून चांगला मार्ग आहे.

यापुढचा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि डब्यावर त्याचा साधा उल्लेखही नाही. डब्यासोबत येणारी लांब, बारीक प्लास्टिकची नळी पायलट जेटच्या रिकाम्या विहिरीत घट्ट टेकवून फवारा मारला, तर तो इंजिनच्या बाजूच्या गळ्यात स्लाइडच्या पुढच्या आणि खालच्या दोन बारीक छिद्रांतून बाहेर यायला हवा. दोन्हींतून सरळ, जोरदार धार आली तर ती वाट मोकळी आहे. एकातून धार आणि दुसऱ्यातून नुसते ठिबकणे असेल तर मधे अडथळा आहे. डोळ्याने न दिसणाऱ्या वाटांची एवढी खात्रीशीर तपासणी दुसऱ्या कोणत्याही घरगुती साधनाने होत नाही. कॉम्प्रेसरची हवा वाट मोकळी करते, पण हवा कुठून बाहेर पडली ते दाखवत नाही. मात्र या कामात द्रावण अनपेक्षित छिद्रातून थेट डोळ्यांकडे उडते. बंद कडांचा चष्मा घातल्याशिवाय ही तपासणी करू नये. माझ्या चष्म्यावर दोनदा धार आली.

रबराच्या बाबतीत स्प्रे शत्रूच आहे. बाउलचे गॅस्केट मी काढायला विसरलो होतो. त्यावर द्रावण पडल्यावर ते पाच मिनिटांत फुगून खाचेत बसेनासे झाले. ज्या कार्ब्युरेटरात स्लाइड निर्वाताने वर उचलली जाते, त्यात एक मोठा, पातळ रबरी पडदा असतो. त्यावर हा स्प्रे पडला तर पडदा फुगतो, सुरकुततो, आणि त्याची किंमत बहुधा डब्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे फवारा मारण्यापूर्वी प्रत्येक रबरी भाग, मग ती ओ-रिंग असो, पडदा असो किंवा फ्लोटच्या सुईचे रबरी टोक असो, काढून बाजूला ठेवलाच पाहिजे. स्प्रेसोबत रिपेअर किट घेणे म्हणूनच मी अनिवार्य मानतो: तीन वर्षांत रबर तसेही कडक झालेले असते, आणि सुईच्या टोकावर गोल खाच पडलेली असेल तर गाडी ओव्हरफ्लो होणार हे ठरलेले असते. किटमधले गॅस्केट आणि सुई मी वापरले, पण पितळी जेट मूळचेच ठेवले, कारण किटमधल्या जेटवर आकडाच कोरलेला नव्हता आणि माप माहीत नसलेला जेट बसवणे मला पटले नाही.

सर्व काही जोडून गाडी चालू केली. स्लो धरले, चोकशिवाय इंजिन चालू राहिले, अ‍ॅक्सिलरेटरला उत्तर मिळाले. पण पाच किलोमीटर चालवून प्लग काढला तर तो काजळीने काळा झालेला होता, आणि एअर स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवला तरी इंजिनच्या आवाजात तिळमात्र फरक पडत नव्हता. ही खूण स्पष्ट होती. माझ्या कार्ब्युरेटरात हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो स्लोच्या वाटेत मिसळणारी हवा कमी-जास्त करतो. स्क्रू फिरवून काही बदलत नसेल तर हवेची वाटच बंद आहे. मी पेट्रोलची बाजू तपासली होती, हवेची तपासलीच नव्हती, कारण पहिल्या वेळी स्क्रू काढलाच नव्हता. पुन्हा कार्ब्युरेटर उतरवला, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंतचे वेढे मोजून लिहून ठेवले, आणि मग तो काढला. त्याच्या टोकावरची इवलीशी ओ-रिंग कुजून तिचे तुकडे त्या वाटेत अडकले होते. पहिल्या दिवशी स्क्रू जागेवर असताना मारलेल्या फवाऱ्याने ते विरघळण्याऐवजी फुगले असावेत आणि अधिकच घट्ट बसले असावेत असे मला वाटते. तांब्याच्या तंतूने ते ओढून काढले, स्प्रेने वाट धुतली, यावेळी हवेच्या मुखाजवळच्या छिद्रातूनही धार येते की नाही ते पाहिले, आणि नवी ओ-रिंग बसवली. त्यानंतर स्क्रूच्या पाव वेढ्यालाही इंजिन प्रतिसाद देऊ लागले.

स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रण नियंत्रित करतो आणि त्याची दिशा उलटी असते: बाहेर काढला की पेट्रोल वाढते. गाडी कोणत्या जातीची आहे हे पाहूनच हात लावावा.

सुरक्षिततेबद्दल डब्यावरची छपाई फार बारीक होती, ती ठळक असायला हवी होती. या स्प्रेत बहुधा अ‍ॅसिटोन, टोल्यूइन, झायलीन यांसारखी द्रावणे असतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. दूर ठेवलेल्या शेगडीपर्यंत किंवा गिझरच्या ज्योतीपर्यंत ती पोचू शकते. काही डब्यांत डायक्लोरोमिथेन असते. ते शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ज्योतीवर किंवा तापलेल्या धातूवर पडले तर अत्यंत विषारी वायू निघतात. त्यामुळे घटकांची यादी वाचूनच डबा निवडावा आणि काम उघड्या जागेतच करावे. पातळ नायट्राइल हातमोजे या द्रावणात लवकर फुगून फाटतात. मला एका कामात तीन जोड लागले. इंजिन चालू ठेवून इनलेटच्या रबरी जोडाभोवती स्प्रे मारायचा आणि आवाज वाढला तर तिथे भेग आहे असे समजायचे, ही पद्धत बरीच प्रचलित आहे आणि ती चालतेही, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वलनशील द्रव उडवण्याची ही रीत मी सुचवणार नाही. कार्ब्युरेटर हातात असतानाच तो रबरी जोड वाकवून उजेडात पाहिला तर भेगा दिसतात.

स्प्रेच्या आवाक्याबाहेरचे काम मात्र दुर्लक्षून चालत नाही. टाकीच्या आत गंज असेल तर स्वच्छ केलेला पायलट जेट दोन दिवसांत पुन्हा बंद होईल. माझ्या टाकीतल्या पेट्रोल कॉकची जाळी तपकिरी भुकटीने निम्मी भरली होती, ती आणि जुनी नळी दोन्ही बदलली, नळीच्या मधे छोटा पारदर्शक फिल्टर बसवला आणि टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र मोकळे केले. हे छिद्र बंद असेल तर टाकीत निर्वात होऊन थोडे अंतर चालल्यावर गाडी बंद पडते आणि लोक पुन्हा कार्ब्युरेटर उघडत बसतात.

डब्याच्या बनावटीबद्दल दोन तक्रारी आहेत. बारीक नळी बटणात घट्ट बसत नाही, जोराच्या फवाऱ्यात ती दोनदा उडून बाउलमध्ये पडली. आणि बटण हलके दाबून कमी धार सोडण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त द्रावण खर्च होते. मुखातून मारण्यात साधारण पाव डबा गेला, दोन वेळच्या खऱ्या सफाईला निम्म्याहून थोडा कमी लागला. म्हणजे एका सिलिंडरच्या कार्ब्युरेटरला एक डबा पुरेसा आहे, चार कार्ब्युरेटरांच्या गाडीला निदान दोन लागतील, आणि तिथे अल्ट्रासॉनिक सफाईची सेवा घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण कंपनातून फुटणारे सूक्ष्म बुडबुडे आतल्या वाकड्या वाटांमध्येही काम करतात.

उरलेला पाव डबा उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवला आहे. आता गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल तेव्हा कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू उघडतो आणि आतले पेट्रोल पूर्ण काढून टाकतो. या कामाला दोन मिनिटे लागतात.